कारखान्याचे आकडे आणि आलेखाची निवड

(लघुउद्योजक आणि पर्यवेक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पाहता पाहता पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे कारखान्यांच्या भोंग्यांवर जागी होऊ लागली. १९७० मध्ये या गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. पुढे हा औद्योगिक पट्टा नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत पसरला; २००९ मध्ये तेथे फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. या मोठ्या कारखान्यांच्या अवतीभोवती त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान-मोठ्या वर्कशॉपांचे दाट जाळे विणले गेले आहे.

या पट्ट्यात लोखंडाच्या किसाइतके विपुल असे दुसरे काही निर्माण होत असेल, तर ते आकडे होत. किती जॉब झाले, किती नापास झाले, यंत्र किती वेळ बंद राहिले, चलन केव्हा गेले, बिल केव्हा लागले, पैसे केव्हा आले, या साऱ्यांची नोंद होते. पूर्वी ती वहीत होत असे, आज ती संगणकात होते. वहीतल्या आकड्यांचा आलेख काढावयाचा म्हणजे आलेखपत्र, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसावे लागे. आज एक कळ दाबताच डझनभर प्रकारचे आलेख पडद्यावर उमटतात. आलेख काढणे सोपे झाले, परंतु कोणता काढावा हे ठरविण्याचे काम यंत्राने आपल्या अंगावर घेतलेले नाही. ते माणसाकडेच राहिले आहे. आणि त्यात चूक झाली तर तिची किंमतही माणसालाच मोजावी लागते.

एका वर्कशॉपचे उदाहरण

श्रोत्यांनी भोसरीतील एक लहान वर्कशॉप डोळ्यांसमोर आणावे. उदाहरण कल्पित आहे, परंतु लेथवर काम केलेल्या कोणालाही ते अपरिचित वाटणार नाही. तेथे एका सीएनसी लेथवर २० मिलिमीटर व्यासाची पिन तयार होते. ड्रॉइंगप्रमाणे तिचा व्यास १९.९८ ते २०.०२ मिलिमीटर यांच्या दरम्यान असला पाहिजे. काम तीन पाळ्यांत चालते. महिनाअखेर मालकापुढे तक्ता येतो: पहिल्या पाळीत शंभरांतील १ जॉब नापास, दुसऱ्या पाळीत २ आणि तिसऱ्या पाळीत ५. संगणक या आकड्यांचा सुबक स्तंभालेख काढून देतो. तीन स्तंभ उभे राहतात आणि तिसरा स्तंभ बाकीच्या दोहोंच्या डोक्यावरून डोकावतो.

हा आलेख खोटा नाही. आकडे खरे आहेत, स्तंभांची उंची बरोबर आहे. पाहणाऱ्याच्या मनात मात्र एकच निष्कर्ष उभा राहतो: रात्रपाळीचा ऑपरेटर निष्काळजी आहे. ग्राहक कंपनीकडून माल परत आलेला आहे, पुढची ऑर्डर हातची जाण्याची भीती आहे. अशा वेळी रात्रपाळीचा माणूस बदलणे हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. एका कुटुंबाच्या चुलीचा प्रश्न तीन स्तंभांवर निकालात निघतो. तो निकाल योग्य होता किंवा नाही, याचा विचार याच व्याख्यानात पुढे करावयाचा आहे. त्याआधी आलेख म्हणजे काय आणि तो कशासाठी जन्माला आला, हे थोडक्यात पाहणे उचित ठरेल.

वर्कशॉपमधून आलेली कला

व्यापाराचे आकडे रेषांनी आणि स्तंभांनी दाखविण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेय स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांच्याकडे जाते. १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे रेषालेख काढले आणि स्कॉटलंडच्या व्यापाराचा स्तंभालेख दिला. १८०१ मध्ये त्यांनी वृत्तालेखही वापरला. येथील श्रोत्यांना विशेष वाटावे अशी गोष्ट म्हणजे, हे गृहस्थ तरुणपणी वाफेच्या यंत्राचे सुधारक जेम्स वॅट यांच्या बर्मिंगहॅम येथील कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. म्हणजे व्यापारी आलेखाची ही कला यंत्रांची ड्रॉइंगे काढणाऱ्या हातांतूनच पुढे आली.

ड्रॉइंगचा नियम कारखान्यातील प्रत्येकाला ठाऊक असतो. एकाच जॉबचे समोरचे दृश्य, वरचे दृश्य आणि बाजूचे दृश्य अशी निरनिराळी दृश्ये काढावी लागतात. समोरच्या दृश्यात आतले भोक दिसत नाही, म्हणून कोणी ड्रॉइंगला खोटे म्हणत नाही. त्यासाठी छेददृश्य काढतात. आकड्यांचेही तसेच आहे. एकाच आकडेवारीची अनेक दृश्ये असतात आणि प्रत्येक दृश्य काही दाखविते, काही झाकते. यास्तव आलेख निवडण्याआधी प्रश्न निवडला पाहिजे. 'या आकड्यांचा कोणता आलेख शोभेल?' असे न विचारता 'या आकड्यांवरून कोणता निर्णय घ्यावयाचा आहे?' असे विचारावे. धंद्यातील बहुतेक प्रश्न चार प्रकारांत बसतात: कोण मोठे, कोण लहान, काळानुसार काय बदलले, एकूणात कोणाचा वाटा किती, आणि मोजमापे किती विखुरलेली आहेत.

तुलनेसाठी स्तंभ

पहिला प्रश्न तुलनेचा. त्याला स्तंभालेखासारखे दुसरे साधन नाही. माणसाचा डोळा एकाच पायरीवर उभ्या असलेल्या वस्तूंची उंची फार अचूक ताडतो; कोन आणि क्षेत्रफळ ताडण्यात तो चुकतो. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोगांच्या आधारे हे दाखवून दिले. नापास जॉबची सात कारणे वृत्तालेखात सात पाकळ्या करून दाखविली, तर तिसरी मोठी की पाचवी मोठी हे कळण्यासाठी पुन्हा आकडेच वाचावे लागतात. तीच कारणे उतरत्या क्रमाने स्तंभांत मांडली, तर पहिली दोन कारणेच बहुतांश नुकसान करीत आहेत की काय, हे एका दृष्टिक्षेपात समजते. गुणवत्तेच्या क्षेत्रात जोसेफ जुरान यांनी या मांडणीमागील तत्त्वाला इटालियन अर्थशास्त्रज्ञ पॅरेटो यांचे नाव दिले आणि तेच कारखान्यांत रुळले.

स्तंभालेखाला मात्र एक पथ्य आहे. त्याची पायरी शून्यावरच असली पाहिजे. एका यंत्रावर दिवसाला ९६ आणि दुसऱ्यावर ९८ जॉब होत असतील आणि स्तंभ ९५ पासून काढले, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसेल. वस्तुतः फरक शंभरात दोनांचा आहे. स्तंभाची लांबी हेच त्याचे बोलणे असते. तो बुंध्यापाशी तोडला की त्याचे बोलणेच बदलते. तद्वतच स्तंभांना जाडी, सावली आणि खोली देऊन ते खोक्यांसारखे दाखविण्याचा मोह टाळावा. त्याने शोभा वाढते, माहिती वाढत नाही.

काळासाठी रेषा आणि पंचांगाचे भान

दुसरा प्रश्न काळाचा. त्यासाठी रेषालेख योग्य, कारण रेषा ही चढ आणि उतार यांचीच भाषा बोलते. येथे शून्यापासून आरंभ करण्याचे बंधन नाही. बदल स्पष्ट दिसावा एवढी श्रेणी घेतली तरी चालते, मात्र ती अक्षावर ठळक लिहिलेली असावी.

परंतु रेषेतील प्रत्येक चढउतार धंद्याचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो दिनदर्शिकेचा असतो. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. ज्या महिन्यात पाच गुरुवार येतात, त्या महिन्याचे उत्पादन आपोआपच कमी दिसते. महिन्याच्या एकूण उत्पादनाऐवजी कामाच्या दर दिवसाचे उत्पादन मांडले की हा आभास नाहीसा होतो.

सणांची गोष्ट याहून महत्त्वाची. दसरा, दिवाळी आणि गुढीपाडवा या मुहूर्तांवर वाहनांची खरेदी वाढते आणि तिची लाट सुटे भाग करणाऱ्या वर्कशॉपपर्यंत काही आठवडे आधीच पोहोचते. हे सण तिथीने येतात, तारखेने नव्हे. २०२२ मध्ये दसरा ५ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे दसरा २४ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले. २०२२ चा ऑक्टोबर आणि २०२३ चा ऑक्टोबर शेजारी शेजारी उभे करून 'मागणी घटली' असे म्हणणे, म्हणजे पंचांगाचा दोष बाजाराच्या माथी मारणे होय. अशा आकड्यांसाठी आडव्या अक्षावर महिने न लिहिता 'लक्ष्मीपूजनाच्या आधीचा आठवा आठवडा, सातवा आठवडा' अशी मांडणी करून दोन वर्षांच्या रेषा एकमेकींवर ठेवाव्यात. मग जे दिसते ते खऱ्या मागणीच्या अधिक जवळचे असते.

तुलनेचा पायाच कोसळलेला असेल, तर कोणताही आलेख त्याला सावरू शकत नाही. एप्रिल २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदीमुळे प्रवासी मोटारींची देशांतर्गत घाऊक विक्री जवळजवळ शून्यावर आली होती. एप्रिल २०२१ मधील विक्रीची त्या महिन्याशी टक्केवारीने तुलना करावयाची म्हटली, तर येणारा आकडा गगनाला भिडेल आणि त्याचा अर्थ काहीच निघणार नाही. अशा वेळी एप्रिल २०१९ शी तुलना करणे आणि तसे आलेखाखाली स्पष्ट लिहिणे, हाच प्रामाणिक मार्ग होय.

वाढ मोजण्याचे दोन गज

काळाच्या रेषेबाबत आणखी एक विवेक आवश्यक आहे. पिंपरी-चिंचवड शहराचीच लोकसंख्या घ्यावी. जनगणनेनुसार ती १९९१ मध्ये पाच लाखांहून थोडी अधिक, २००१ मध्ये दहा लाखांहून थोडी अधिक आणि २०११ मध्ये सतरा लाखांहून थोडी अधिक होती. साध्या आलेखपत्रावर ही रेषा काढली, तर दुसऱ्या दशकात ती अधिक उभी चढताना दिसते. कारण पहिल्या दशकात सुमारे पाच लाखांची, तर दुसऱ्या दशकात सुमारे सात लाखांची भर पडली. ज्या आलेखपत्रावर समान अंतर म्हणजे समान पट असते, त्या लॉग आलेखपत्रावर तीच रेषा काढली, तर दुसऱ्या दशकात ती किंचित कललेली दिसते; कारण पहिल्या दशकात लोकसंख्या दुप्पट झाली आणि दुसऱ्या दशकात पावणेदोन पटीलाही पोहोचली नाही.

यातील खरे चित्र कोणते? दोन्ही खरी आहेत. नळाला किती पाणी जास्त सोडावे लागेल, किती शाळाखोल्या बांधाव्या लागतील, हा प्रश्न असेल तर साधा आलेखच उपयोगी. कारण माणसे संख्येने पाणी पितात, टक्केवारीने नव्हे. वाढीचा वेग मंदावतो आहे काय, हा प्रश्न असेल तर लॉग आलेख हवा. कारखान्यातील विक्रीच्या रेषेलाही हाच न्याय लागू होतो. जागा, यंत्रे आणि माणसे किती वाढवावीत यासाठी साधा आलेख. धंद्याचा जोम टिकून आहे काय यासाठी दुसरा.

वाट्यासाठी थर

तिसरा प्रश्न वाट्याचा. नुसती एकूण संख्या पाहणाऱ्याला तिच्या पोटातील उलथापालथ दिसत नाही. दुचाकींचा इतिहास याची साक्ष देतो. आकुर्डी हे नाव एके काळी स्कूटरशी जोडलेले होते. १९७२ मध्ये बाजारात आलेली चेतक घरी यावी म्हणून माणसे वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. पुढे देशात दुचाकींची एकूण विक्री वाढतच गेली, परंतु १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोटारसायकलींनी स्कूटरला मागे टाकले. २००९ च्या डिसेंबरमध्ये बजाज ऑटोने स्कूटरचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. कालचक्र पुन्हा फिरले. २०१९ मध्ये त्याच चेतक नावाने विजेवर चालणारी स्कूटर पुढे आली आणि २०२२ मध्ये आकुर्डीतच विजेच्या वाहनांचा नवा कारखाना सुरू झाला.

नव्वदच्या दशकात केवळ स्कूटरला लागणारा एखादा भाग करणाऱ्या वर्कशॉपने 'दुचाकींची एकूण विक्री' ही एकच रेषा भिंतीवर लावली असती, तर ती रेषा वर्षानुवर्षे आशा देत राहिली असती आणि पायाखालची जमीन सरकत राहिली असती. येथे शतमान स्तंभालेख हवा. प्रत्येक वर्षाचा स्तंभ शंभर टक्के उंचीचा, आणि त्यात स्कूटर, मोटारसायकल व मोपेड यांचे थर. स्कूटरचा थर वर्षागणिक पातळ होताना दिसला असता, तर नवे काम शोधण्यास हाती काही वर्षे तरी मिळाली असती. आज विजेच्या वाहनांकडे बाजार वळत असताना पिस्टन, कार्ब्युरेटर, क्लच यांचे भाग करणाऱ्यांनी हाच आलेख आपल्या ऑर्डरवहीतून काढून पाहावा. वृत्तालेखाला स्थान आहे ते एकाच वेळचे दोन-तीन वाटे दाखविण्यापुरते. अनेक वर्षांचे अनेक वृत्तालेख एका रांगेत मांडले, तर पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पैशाच्या वाट्याचेही तसेच. लहान उद्योगाला तोट्याहून अधिक जाच उधारीचा होतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत दिले गेले पाहिजेत. 'येणे बाकी इतके लाख' हा एक मोठा आकडा पाहून काहीच हालचाल करता येत नाही. तीच बाकी ४५ दिवसांच्या आतली, ४६ ते ९० दिवसांची आणि ९० दिवसांवरची अशा तीन थरांत दर महिन्याला मांडावी. वरचा जुना थर जाड होऊ लागला की उधारी वाढते आहे एवढेच नव्हे, तर ती शिळी होत आहे, हे समजते. आणि दूरध्वनी कोणाला करावयाचा, हेही समजते.

विखुरण्यासाठी बिंदू

आता चौथा प्रश्न, आणि त्याबरोबर भोसरीच्या त्या वर्कशॉपकडे परत जावयाचे आहे.

सरासरी आणि टक्केवारी यांना एक खोड असते. त्या अनेक गोष्टींची मोट बांधतात आणि आतले काय होते ते विसरावयास लावतात. फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा जोड्यांचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांच्या सरासऱ्या आणि परस्परसंबंधाचे गुणांक जवळजवळ सारखे आहेत. परंतु बिंदू आलेखपत्रावर टाकले की एक संच साधी तिरकी मांडणी दाखवितो, दुसरा कमान करतो, आणि उरलेल्या दोहोंत एकच भरकटलेला बिंदू सारे गणित ओढून नेतो. तक्त्यात जे चार जुळे भाऊ वाटले, ते चित्रात परके निघाले.

उत्पादनाच्या क्षेत्रात हा धडा त्याआधीच मिळाला होता. १९२४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण आलेख सुचविला. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले आणि भारतीय कारखान्यांत संख्याशास्त्रीय गुणनियंत्रणाच्या प्रसाराला चालना मिळाली. या आलेखात मोजमापे ज्या क्रमाने घेतली त्याच क्रमाने बिंदूंनी मांडतात. मध्ये सरासरीची रेषा, वर आणि खाली नियंत्रणाच्या दोन मर्यादा. या मर्यादा ड्रॉइंगवरून येत नाहीत. त्या त्या प्रक्रियेच्या स्वतःच्या चढउतारावरून काढलेल्या असतात. मर्यादांच्या आत विस्कळीत पडलेले बिंदू म्हणजे प्रक्रियेचे नेहमीचे श्वासोच्छ्वास होत. त्यांतील प्रत्येकामागे कारण शोधत धावू नये. एखादा बिंदू बाहेर पडला, किंवा ओळीने अनेक बिंदू एकाच दिशेने चढत अथवा उतरत गेले, तर मात्र काहीतरी निराळे घडते आहे असे समजावे.

त्या वर्कशॉपमध्ये आठवडाभर दर अर्ध्या तासाने एक पिन उचलून मायक्रोमीटरने मोजली आणि तिचा व्यास काळाच्या क्रमाने मांडला, असे समजावे. आता पाळ्यांचे स्तंभ नाहीत, फक्त बिंदूंची रांग आहे. ती रांग सकाळी ७ वाजता खालून निघते, दुपारी थोडी वर येते, संध्याकाळी आणखी वर, आणि पहाटे ड्रॉइंगच्या वरच्या मर्यादेला टेकून तिच्या पलीकडे जाऊ लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता ती एकदम खाली येते आणि पुन्हा तसाच चढ सुरू होतो. आठवड्याचे चित्र करवतीच्या दात्यांसारखे दिसते.

लेथवर काम करणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. इन्सर्टची धार झिजत जाते तसतसा बाहेरचा व्यास वाढत जातो. सकाळी नवी धार लागते, व्यास ठिकाणावर येतो. मग रात्री धार का बदलली जात नाही? कारण नवे इन्सर्ट स्टोअरमध्ये असतात आणि स्टोअर संध्याकाळी बंद होते. झिजेपुरता ऑफसेट सुधारून का घेतला जात नाही? कारण तो बदलण्याची परवानगी सेटरला आहे आणि सेटर दिवसपाळीला असतो. रात्रपाळीचा ऑपरेटर त्या यंत्रावरील सर्वांत बोथट धार घेऊन, काही बदलण्याचा अधिकार नसताना, उभा होता. पहिल्या पाळीचा निष्णात ऑपरेटर रात्री आणून उभा केला असता, तरी शंभरांतले पाच जॉब नापासच झाले असते. दोष माणसात नव्हता. तो स्टोअरच्या किल्लीत होता.

दोन्ही आलेख त्याच आठवड्याच्या, त्याच यंत्राच्या, खऱ्या आकड्यांवरून काढता आले असते. पहिल्या आलेखाने 'कोणत्या पाळीत?' या प्रश्नाचे उत्तर दिले आणि पाहणाऱ्याने ते 'कोणामुळे?' या प्रश्नाचे उत्तर समजून घेतले. दुसऱ्याने 'केव्हा आणि कसे?' हे सांगितले आणि त्यातून 'कशामुळे?' याचा मार्ग मोकळा झाला. पहिल्या आलेखावर एका माणसाची नोकरी गेली असती, माल मात्र परत येतच राहिला असता. दुसऱ्या आलेखावर चार इन्सर्ट रात्रपाळीच्या पर्यवेक्षकाच्या कपाटात ठेवले जातात आणि ऑफसेट बदलण्याचे शिक्षण तिन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरना दिले जाते.

पाहणारा कोण?

शेवटचा मुद्दा आलेखाच्या जागेचा. आजकाल अनेक आलेख एकाच पडद्यावर मांडण्याची प्रथा आहे आणि अशा पडद्याला डॅशबोर्ड म्हणतात. हा शब्द या वाहननगरीला परका नाही. पूर्वी घोडागाडीच्या पुढे चिखल अंगावर उडू नये म्हणून जी फळी लावीत तिचे ते नाव. मोटारीत ती फळी चालकासमोर आली आणि तिच्यावर काटे बसले. चालकाला वेग, इंधन आणि इंजिनाचे तापमान एवढेच दिसते. गाडीविषयीच्या बाकीच्या शेकडो गोष्टी मेकॅनिकसाठी असतात. त्या चालकापुढे मांडल्या तर त्याचे रस्त्यावरचे लक्ष उडेल. कारखान्यातही तोच न्याय असावा. ऑपरेटरला यंत्राशेजारी त्या तासाचे बिंदू हवेत, पर्यवेक्षकाला पाळीतील नापास जॉबची कारणे हवीत, मालकाला महिन्याच्या ऑर्डरींचे आणि उधारीचे थर हवेत. आणि जेथे नेमका आकडाच पाहिजे, उदाहरणार्थ बिलाची रक्कम किंवा स्टोअरमधील शिल्लक, तेथे आलेख नको. साधा तक्ताच उत्तम.

आलेखाची भाषाही पाहणाऱ्याची असावी. या पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशाबरोबरच उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशा येथूनही कामगार येतात. केवळ इंग्रजी संक्षेपांनी भरलेला फलक त्यांच्या डोक्यावरून जातो. 'व्यास' असा नुसता मथळा देण्याऐवजी 'वरच्या रेषेजवळ बिंदू आला की धार बदला' असे मराठीत आणि हिंदीत लिहिले, तर आलेख सूचना देऊ लागतो. चांगले-वाईट केवळ हिरव्या-लाल रंगांनी दाखवू नये. काहींना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. रंगाबरोबर खूण किंवा शब्द द्यावा. शीर्षकात काळ, एकक आणि मोजण्याची पद्धत असावी, म्हणजे वादाच्या वेळी आलेख साक्ष देऊ शकतो.

सारांश, आलेख ही भिंतीची सजावट नव्हे, तो निर्णयाचा साथीदार होय. तुलनेसाठी स्तंभ, काळासाठी रेषा, वाट्यासाठी थर आणि विखुरण्यासाठी बिंदू, हे चार नियम लक्षात ठेवण्यास सोपे आहेत. त्यांच्या आधी पाळावयाचा पाचवा नियम मात्र कोणताही संगणक पाळून देत नाही: कोणता प्रश्न विचारावयाचा आहे आणि त्याच्या उत्तरावर कोणाचे काय अवलंबून आहे, हे प्रथम ठरवावे. खंडेनवमीला या पट्ट्यातील यंत्रे स्वच्छ पुसली जातात, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातात. वर्षातून एक दिवस त्या यंत्रांच्या नोंदवह्याही उघडून, त्यांतील बिंदू जसे पडले त्याच क्रमाने मांडून पाहिले, तर यंत्राची झीज, बाजाराचे वळण आणि कामगाराची अडचण या तिन्ही गोष्टी वेळेत ध्यानात येतील.